पान सुटले, फूल अडकले

भांग आणि गांजा ही एकाच झाडाची दोन रूपे. कायद्याने या दोघांमध्ये ओढलेल्या रेषेला मोठा इतिहास आहे. ही रेष आज कुणाचा जामीन अडवते, तर कुणाचे औषध.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कापसाच्या अथवा तुरीच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, अशी बातमी वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही. तपशीलही बहुधा ठरलेला असतो. झाडे मुळासकट उपटली जातात, बांधावर ढीग लागतो, वजनकाटा आणला जातो, पंचांच्या सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी इतके किलो वजनाचा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त झाल्याचे प्रसिद्ध होते. त्या ढिगात खोड असते, फांद्या असतात, पाने असतात, बी असते आणि शेंड्यांवरचा फुलोराही असतो. काट्याला त्यातील फरक कळत नाही.

याच झाडाची पाने वाराणसीत परवानाधारक दुकानात वाटून, गोळी करून विकली जातात. राजस्थानात जैसलमेरला येणारा परदेशी पर्यटक सरकारी परवान्याची पाटी लावलेल्या भांगेच्या दुकानासमोर छायाचित्र काढून घेतो. महाशिवरात्रीला आणि होळीला उत्तर भारतात थंडाईतून भांग घेणारा गृहस्थ स्वतःला नशेबाज समजत नाही, शेजारीही त्याला तसे समजत नाहीत. मराठी मनाला मात्र भांगेचे हे कौतुक कधी फारसे रुचले नाही. चांगल्या घराण्यात वाईट निपजले की आपण 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणतो, यातच काय ते आले.

रुचीचा हा फरक बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. एका झाडाचा एक भाग उत्सवाचा आणि दुसरा भाग दहा-वीस वर्षांच्या सक्तमजुरीचा, असे कशामुळे झाले?

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर 'अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५', म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेल्या 'एनडीपीएस' कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. या कलमानुसार चरस म्हणजे झाडाचा वेगळा काढलेला चीक. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा अथवा फळ धरलेले शेंडे. बी आणि पाने शेंड्यांसोबत नसतील, तर ती या व्याख्येतून वगळली आहेत. भांग पानांची होते, म्हणून भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे गेले. उत्तर प्रदेश व राजस्थानने परवाने दिले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना भांग बनवणे, बाळगणे वा सेवन करणे हा गुन्हा आहे. म्हणजे वाराणसीची कायदेशीर गोळी खिशात ठेवून मुंबईला उतरलेला प्रवासी येथे आरोपी ठरू शकतो.

मराठीत या विषयाची चर्चा करताना एक घोळ नेहमी होतो. इंग्रजीतील 'हेम्प' या शब्दासाठी जुन्या कागदपत्रांत कधी अंबाडी, कधी ताग असे प्रतिशब्द आढळतात. अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणत आणि तिच्या शास्त्रीय नावातही 'कॅनाबिनस' हे पद आहे, पण ते केवळ पानांच्या साम्यामुळे. अंबाडीच्या भाजीचा आणि गांजाचा काडीचाही संबंध नाही. येथे चर्चा आहे ती 'कॅनाबिस' या वनस्पतीची, जिला संस्कृतात भंगा आणि आयुर्वेदात विजया म्हणतात.

वैद्यांची विजया

अथर्ववेदात ज्या पाच वनस्पतींचा एकत्र उल्लेख येतो, त्यांत सोम, दर्भ आणि जव यांच्याबरोबर भंगाही आहे. तेथील भंगा नशेसाठी होती की धाग्यासाठी, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. या एका उल्लेखावरून 'वेदांनी गांजाला मान्यता दिली' असा जो निष्कर्ष अलीकडे समाजमाध्यमांतून फिरवला जातो, त्यात उत्साहाचा भाग अधिक आहे. औषध म्हणून स्पष्ट नोंद मध्ययुगातील शार्ङ्गधर संहितेत सापडते. पचण्याआधीच शरीरभर पसरून परिणाम करणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून तेथे भांग आणि अफू यांची नावे जोडीने येतात. पुढील काळातील वैद्यकग्रंथांत विजया भूक, पचन, अतिसार, निद्रा आणि वेदना यांच्या संदर्भात वारंवार भेटते. ती शुद्ध करून वापरावी, हा आग्रहही तेथेच आहे.

युरोपीयांना या वनस्पतीचा सविस्तर परिचय गोव्यातून झाला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. संवादांच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथात 'बांग' या विषयाला स्वतंत्र जागा आहे. आपल्या नोकरांना ती घेतल्यावर श्रम जाणवत नाहीत, आनंद वाटतो आणि खाण्याची वासना वाढते, असे ओर्ता यांनी ऐकून नोंदवले आहे. भूक वाढण्याच्या त्या निरीक्षणाला विज्ञानाची पुष्टी मिळण्यास पुढे चार शतके जावी लागली.

आधुनिक वैद्यकात ही वनस्पती आणण्याचे श्रेय कलकत्ता मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी यांच्याकडे जाते. हेच गृहस्थ पुढे भारतातील तारखात्याचे जनक ठरले, हा योगायोग मोठा गमतीचा. १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी आधी स्थानिक वैद्य-हकीमांचे ज्ञान संकलित केले, मग प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतरच संधिवात, पटकी, धनुर्वात आणि लहान मुलांना येणाऱ्या आकडी यांवर अर्क देऊन पाहिला. धनुर्वाताच्या रुग्णांचे स्नायू सैल पडतात आणि तान्ह्या बाळाची आकडी थांबते, हे त्यांनी लिहून ठेवले. ओ'शॉनेसी यांच्यामुळे हा अर्क इंग्लंडला गेला आणि पाहता पाहता युरोप-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत विराजमान झाला. मात्र त्याची मात्रा कधीच निश्चित करता आली नाही. एका बाटलीने गुण यावा आणि दुसरीने रुग्ण भ्रमिष्ट व्हावा, असे घडे. टोचून देता येणारे मॉर्फिन आणि मागाहून आलेली अॅस्पिरिनची गोळी यांनी त्याची जागा घेतली. अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून १९४२ मध्ये ते वगळले गेले, तोवर डॉक्टरांनाही त्याची फारशी गरज उरली नव्हती.

हवालदाराने भरलेला रकाना

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र औषधाचे नाही, चौकशीचे आहे. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात भारतातील गांजाविषयी प्रश्न विचारला गेला. गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरून गेली आहेत, असा समज इंग्लंडमधील मद्यपानविरोधी मंडळींत प्रबळ होता. सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तिघे भारतीय होते. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयोगाने ब्रह्मदेशासह ठिकठिकाणी फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले. त्यांत जिल्हाधिकारी होते, डॉक्टर होते, शेतकरी होते, वैद्य, मिशनरी आणि गांजाचे व्यापारीही होते. अहवाल १८९४ मध्ये सादर झाला.

या अहवालात बंगालमधील नौगाव आणि मध्य प्रांतातील खांडवा येथील लागवडीची वर्णने आहेत. फुलोरा धरण्याआधी नर झाडे अचूक ओळखून उपटून टाकणारे जाणकार कसे हिंडत, हे त्यात वाचायला मिळते. नर झाड शेतात राहिले की मादीला बी धरते आणि चीक कमी होतो, हे या मंडळींना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा या लागवडीचा प्रमुख जिल्हा होता, हे आज त्या भागातही फारसे कुणाच्या स्मरणात नसेल.

परंतु आयोगाचे खरे काम इस्पितळांच्या दप्तरांत झाले. रुग्ण दाखल होताना त्याच्या वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे. 'गांजा' असे कारण कोणी आणि कशाच्या आधारे लिहिले, हे आयोगाने खणून काढले. ते बहुतेक वेळा डॉक्टरने लिहिलेले नव्हते. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला इस्पितळात आणणाऱ्या पोलिसाने तो रकाना भरून टाकलेला असे. कारण ठाऊक नसेल तर 'गांजा' हे सोयीचे उत्तर होते. पुढे तीच नोंद वार्षिक तक्त्यात जाई आणि तोच तक्ता पार्लमेंटात पुरावा म्हणून वाचला जाई. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले, तेव्हा गांजाच्या माथी मारलेली वेडाची बरीच प्रकरणे टिकली नाहीत.

मर्यादित सेवनाने सामान्यतः उल्लेखनीय अपाय होत नाही, अतिसेवन निश्चित अपायकारक आहे आणि काही दुर्बल मनाच्या व्यक्तींत ते वेडाला कारण ठरू शकते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. लागवडीवर नियंत्रण, भरपूर कर, दुकानांच्या संख्येवर आणि बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा, हा त्यांनी सुचवलेला मार्ग. अर्थात गांजावरील करातून सरकारला चांगले उत्पन्न मिळत होते आणि हा निष्कर्ष सरकारी तिजोरीला मानवणारा होता, हेही विसरून चालणार नाही. तरीही आकडा कुठून आला हे विचारण्याची आयोगाची पद्धत शिकण्यासारखी होती.

जिनेव्हा ते दिल्ली

पुढील निर्णय भारताबाहेर झाले. १९२५ च्या जिनेव्हा येथील अफू परिषदेत इजिप्तने हशीशचा विषय लावून धरला आणि ही वनस्पती प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आली. अमेरिकेने १९३७ मध्ये कराच्या मार्गाने तिच्यावर व्यवहारतः बंदी आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे जुने करार एकत्र करण्याचा घाट घातला गेला आणि त्यातून १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा एकत्रित करार साकारला.

या करारात आजच्या भारतीय कायद्याची गुरुकिल्ली आहे. पाने आणि बी वगळून केवळ शेंड्यांना 'कॅनाबिस' म्हणणारी व्याख्या तेथीलच. भारतासारख्या देशांत भांग हा धर्माचा आणि रूढीचा भाग आहे, हे लक्षात घेऊन ती वाट ठेवली गेली. गांजाच्या बिगरवैद्यकीय वापराबाबत मात्र करार अंमलात आल्यापासून २५ वर्षांत तो बंद करावा, अशी अट होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अंमलात आला. म्हणजे मुदत डिसेंबर १९८९ ला संपत होती.

ती संपण्याच्या चार वर्षे आधी, राजीव गांधी यांच्या सरकारने एनडीपीएस विधेयक आणले. ऑगस्ट १९८५ मध्ये मांडलेल्या विधेयकावर सप्टेंबरात राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागूही झाला. त्या काळातील खरी चिंता पश्चिमेच्या सीमेवरून येणाऱ्या हेरॉइनची, 'ब्राऊन शुगर'ची होती. गांजा त्या जाळ्यात ओघानेच आला. अनेक राज्यांतील परवानाधारक गांजाची दुकाने बंद झाली. पान सुटले ते १९६१ च्या तडजोडीमुळे. पानात अमली द्रव्य अजिबात नसते असे नव्हे. ते कमी असते आणि मादी झाडाच्या शेंड्यांवरील सूक्ष्म ग्रंथींत ते एकवटलेले असते, इतकाच फरक. जाड, जुने पान आणि फुलोऱ्यालगतचे कोवळे पान यांतही तफावत असते. कायद्याने निसर्गातील उताराला पायरी मानले.

वजनाचा हिशेब

मूळ कायद्यात गांजासाठी कमाल शिक्षा पाच वर्षांची होती. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षेची सांगड जप्त मालाच्या प्रमाणाशी घातली. ही दुरुस्ती शिक्षा तर्कसंगत करणारी म्हणून ओळखली जाते आणि एका अर्थी ती तशी होतीही. गांजासाठी एक किलोपर्यंतचे प्रमाण 'अल्प' आणि २० किलो हे 'व्यावसायिक' ठरले. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो असे आहेत. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंतची कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड.

शिक्षा तर पुढची गोष्ट, त्याआधी जामीन. व्यावसायिक प्रमाण असेल तर कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याविषयी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज त्याला सोडता येत नाही. खटला उभा राहण्याआधीच अशी खात्री पटवून देणे किती अवघड असते, हे फौजदारी वकिलांना सांगायला नको. त्यामुळे काटा १९ किलो दाखवतो की २१, यावर एखाद्या कच्च्या कैद्याची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

आणि येथेच बांधावरचा तो ढीग पुन्हा समोर येतो. निव्वळ लागवडीच्या गुन्ह्याला वजनाची पायरी नाही. त्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. परंतु उपटलेला किंवा गोणीत भरलेला माल 'गांजा' म्हणून मोजला जातो, तेव्हा त्यात खोड, पाने, बी आणि ओलावा यांचे वजन धरायचे की नाही? मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली एका जामीन अर्जावर निर्णय देताना व्याख्येवर नेमके बोट ठेवले. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बी गांजा ठरत नाहीत. जप्त मालात यांचे मिश्रण असेल, तर गांजाचे वजन नेमके किती, हा प्रश्न उभा राहतोच. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने भांगेच्या प्रकरणात, ती या कायद्याच्या व्याख्येत बसते असे प्रथमदर्शनी दिसत नसल्याचे सांगून जामीन दिला.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला की, अमली पदार्थात भेसळ केलेल्या निष्क्रिय द्रव्याचे वजनही एकूण प्रमाणात धरावे. हेरॉइनमध्ये मिसळलेल्या भुकटीला हा न्याय लावणे समजण्यासारखे आहे, कारण विक्रेता तीच पुडी विकतो आणि गिऱ्हाईक तीच घेते. झाडाचे पान ही मात्र भेसळ नव्हे. कायद्यानेच व्याख्येतून वगळलेला तो भाग आहे. या दोन गोष्टींत गल्लत झाली की आरोपीचे भवितव्य तपास अधिकाऱ्याने शेंडे वेगळे केले की नाहीत, एवढ्यावर येऊन ठरते. जप्तीच्या २०२२ च्या नियमांनी गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा असावा आणि तो दंडाधिकाऱ्यांसमक्ष काढावा, हे स्पष्ट केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण प्रयोगशाळा तपासते तो नमुना, आणि आरोपपत्रात लिहिले जाते ते पंचनाम्यातील एकूण वजन. १८९३ च्या इस्पितळातील तो रकाना येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मोठा व्यवहार कुठे चालतो, हे पोलिसांना माहीत नाही असे नाही. महाराष्ट्रात येणारा बराचसा गांजा आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ भागातून येतो. मालमोटारीत दडवून आणलेला शेकडो किलो तयार माल हा शेंड्यांचाच असतो आणि तेथे व्याख्येचा वाद उरत नाही. वाद उरतो तो बहुधा छोट्या माणसाच्या प्रकरणात.

औषधाची वाट

झाडातील नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, इस्रायलमधील राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळे काढले. त्यासाठीचा हशीश मेशुलम यांनी पोलिसांकडूनच मिळवला होता. सीबीडी हे दुसरे द्रव्य नशा आणत नाही. या द्रव्यांना प्रतिसाद देणारी ग्राहके मेंदूत आहेत हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. मग शरीर स्वतःच असे काही द्रव्य बनवत असणार, हा तर्क पुढे आला. १९९२ मध्ये ते सापडले आणि संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. वेदना, भूक, झोप, स्मृती यांचे नियमन करणारी एक स्वतंत्र यंत्रणा त्यातून उलगडत गेली.

सिद्ध झालेले उपयोग मोजके आहेत, पण ते भक्कम आहेत. केमोथेरपीनंतरच्या उलट्या आणि मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा आणि प्रौढांतील जुनाट वेदना यांबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये पुरेसा पुरावा असल्याचे नमूद केले. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने लहान मुलांतील दोन दुर्धर अपस्मारांसाठी वनस्पतीपासून काढलेल्या शुद्ध सीबीडीच्या द्रवाला मान्यता दिली. ओ'शॉनेसी यांनी कलकत्त्यात बाळाची आकडी थांबताना पाहिली, त्याला तेव्हा जवळपास १८० वर्षे होत आली होती. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो असे जे दावे ठिकठिकाणी केले जातात, त्यांना मात्र असा आधार नाही.

भारतीय कायद्याच्या आठव्या कलमाने वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला मुभा दिली आहे. दहाव्या कलमाने राज्यांना लागवडीची परवानगी देता येते. चौदाव्याने धागा आणि बियांसाठीच्या लागवडीचा मार्ग ठेवला आहे. कागदावर सगळे आहे. व्यवहारात देशातील विजयायुक्त औषधे आयुर्वेदिक परवान्याखाली येतात आणि ती मुख्यतः पानांच्या अर्काची असतात. औषधी नियमावलीच्या ज्या परिशिष्टात विषारी द्रव्यांची यादी आहे, त्यात भांगेचे नाव असल्याने वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावा लागतो, तो योग्यच आहे. पण पान निवडले गेले ते औषधी दृष्टीने सरस म्हणून नव्हे. फुलाला हात लावणे धोक्याचे, म्हणून. व्याख्येतील तीच रेष येथे रुग्णाच्या मात्रेतून गेली आहे.

कायद्याच्या धाकाने औषध कसे दुर्मीळ होते, याचा अनुभव देशाने मॉर्फिनबाबत घेतला आहे. मॉर्फिनला कायद्याने कधीच बंदी नव्हती. परंतु राज्याराज्यांचे वेगळे परवाने, किचकट नोंदी आणि छोट्या चुकीलाही कठोर शिक्षेची भीती यांमुळे १९८५ नंतर रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. अफूची वैध शेती करणाऱ्या या देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधे' हा वर्ग निर्माण करून त्यांच्यासाठी देशभर एकच नियम आणला, तोवर २९ वर्षे उलटली होती.

धोका आहे, तोही मोजावा

गांजा निरुपद्रवी आहे, हा प्रचार तितकाच फसवा आहे. पौगंडावस्थेत सुरू केलेले नियमित सेवन स्मृती आणि एकाग्रतेवर परिणाम करते. तीव्र मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यांत तो विकार उफाळून येण्याचा धोका वाढतो. सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे दहांतील एकाला व्यसन जडते. आजचा माल पूर्वीच्या तुलनेत अधिक तीव्र आहे, ही यातील आणखी काळजीची बाब. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी लोकांनी आधीच्या वर्षभरात या वनस्पतीचे कोणते ना कोणते रूप घेतले होते. भांग घेणारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेणारे १.३ कोटी. भांगेचे प्रमाण अधिक असले तरी व्यसनाच्या समस्या गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त, हेही त्याच पाहणीत दिसले. पान आणि फूल यांत भेद करण्यामागे काहीच तथ्य नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही. सेवन करताना सापडलेल्याने उपचार स्वीकारले तर खटल्यातून सूट देणारे कलम ६४ अ कायद्यात आहे. ते किती जणांना ठाऊक असते, हा वेगळा विषय.

जगात वारे उलटसुलट वाहत आहेत. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात तो बाळगण्यास मुभा दिली. थायलंडने २०२२ मध्ये दारे सताड उघडली आणि गल्लोगल्ली दुकाने झाल्यावर जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी ही वनस्पती १९६१ च्या कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक सूचीतून काढली. पहिल्या सूचीत ती कायम आहे. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. त्या मताला साजेसा बदल देशातील कायद्यात मात्र झाला नाही.

राज्यांच्या पातळीवर थोडी हालचाल आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचे परवाने देण्यास सुरुवात केली, पण टीएचसीची ०.३ टक्क्यांची मर्यादा ओलांडणार नाही असे बियाणे मिळवणे हीच तेथे अडचण ठरली. हिमालयातील स्थानिक झाड मुळातच तीव्र. बियांचे तेल आणि पीठ यांना २०२१ मध्ये अन्नपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. पहाडी घरांत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होत आलीच आहे. मलाण्याच्या चरसामुळे बदनाम झालेल्या हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंग नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

महाराष्ट्रात असा विषय निघालेला नाही आणि निघण्याची घाई असावी असेही नाही. गांजा खुला करावा की नाही हा राजकीय निर्णय आहे आणि त्याला वेळ लागेल. शेंडे, पाने आणि खोड वेगळे करून त्यांचे वजन पंचनाम्यात स्वतंत्रपणे नोंदवावे, यासाठी मात्र संसदेत जाण्याचीही आवश्यकता नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक आणि न्यायसहायक प्रयोगशाळांना दिलेली स्पष्ट सूचना त्यासाठी पुरेशी आहे. मॉर्फिनसाठी केलेला वर्ग अपस्मार आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी विस्तारण्यास मात्र केंद्रालाच पुढाकार घ्यावा लागेल. सातपुड्याच्या बांधावर पुढच्या हंगामात पुन्हा काटा लागेल, तेव्हा त्यावर काय चढवायचे हे काट्याजवळच्या हवालदाराला कुणीतरी आधी लेखी कळवलेले असावे, एवढीच तूर्त अपेक्षा आहे.